दागिना विकावा कोठें?

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. शिरोली औद्योगिक वसाहतींतील एका ओतकामाच्या कारखान्यांत साचे भरण्याचें काम करणारे एक पालक, त्यांच्या सौभाग्यवती आणि दहावी उत्तीर्ण झालेले त्यांचे चिरंजीव असे तिघे शाळेंत आम्हांस भेटावयास आले. मुलास तंत्रनिकेतनांत प्रवेश घ्यावयाचा होता. शुल्क, वसतिगृह व पुस्तकें मिळून लागणारी रक्कम घरांत नव्हती. घरांत होत्या त्या दोन वस्तु : बाईंच्या लग्नांतल्या पाटल्यांची जोडी आणि सासूबाईंनीं मागें ठेवलेला कोल्हापुरी साज. वडिलांनीं रुमालाची गांठ सोडून त्या दोन्ही आमच्या मेजावर ठेवल्या आणि विचारलें, "सर, गुजरीत न्यावं, का एखाद्या दुकानात विकायला ठेवावं, का फोनवर टाकावं? पोरगं म्हणतंय, फोनवर लिलावात जास्त येत्यात."

आम्ही मराठीचे शिक्षक. कसोटीचा दगड आम्हांस कवितेंत माहीत, व्यवहारांत नव्हे. त्यांस दोन दिवस थांबावयास सांगून आम्ही ओळखीच्या सराफांकडे गेलों, कायद्याचीं पुस्तकें चाळलीं आणि जें समजलें तें त्यांस सांगितलें. तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों. कारण हा प्रश्न एका घरचा नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलें, त्याआधीं २०२० च्या टाळेबंदींत भट्ट्या थंड पडल्या होत्या. अशा प्रत्येक वेळीं आमच्या मुलांच्या घरांतलें कांहीं ना कांहीं सोनें बाहेर पडलें, आणि तें पुष्कळदां घाईनें व कोणास न विचारतां पडलें.

प्रथम किंमत म्हणजे काय तें पाहूं. दागिना विकत घेतांना आपण तीन गोष्टींचे पैसे देतों : सोन्याचे, घडणावळीचे आणि कराचे. २०१७ पासून दागिन्यावर शेंकडा तीन वस्तु व सेवा कर आहे. घडणावळ कामाच्या बारकाईप्रमाणें कमीअधिक असते. विकतांना मात्र यांपैकीं बहुधा सोन्याचेच पैसे परत येतात. शिरोलीच्या मुलांस हें समजावणें सोपें आहे. भट्टीसाठीं भंगार घेणारा कारखानदार तें भंगार पूर्वीं नांगर होतें कीं पाण्याचा पंप होता हें विचारीत नाहीं. त्यांत लोखंड किती, कार्बन किती, गंज किती एवढेंच तो प्रयोगशाळेंतून काढवून घेतो. गुजरींतला सराफ जुनी पाटली हातीं घेतो तेव्हां त्याचाही प्रश्न हाच असतो. या विक्रीस सराफी भाषेंत मोड म्हणतात, आणि नांवाप्रमाणेंच तींत दागिना मोडतो, सोनें उरतें.

सोनें किती हें दोन अंकांवर ठरतें, वजन व कस. वजनाविषयीं एक सावधगिरीची सूचना. आजी ज्याला तोळा म्हणत असे तो ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. आज दुकानांत तोळा म्हटला कीं दहा ग्रॅम समजतात. दोहोंत जवळ जवळ सातव्या हिश्शाचें अंतर आहे. "आमची माळ चार तोळ्यांची" असें घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें असेल, तर ती दुकानाच्या कांट्यावर साडेचार तोळ्यांहून अधिक भरली पाहिजे. तशी न भरल्यास माळ झिजली असेल, किंवा ती तिसऱ्याच वेळीं नव्या तोळ्यानें घेतलेली असेल. सराफानें चोरलें असेंच समजूं नये. सौदा तोळ्यांत न करतां ग्रॅमांत करावा हें उत्तम.

कसाचें मोजमाप कॅरटांत होतें. चोवीस कॅरट म्हणजे चोख सोनें. बावीस कॅरट म्हणजे हजारांत ९१६ भाग सोनें. अठरा कॅरट म्हणजे ७५० भाग. कस पाहण्याचे मार्ग तीन. पहिला कसोटीचा काळा दगड : त्यावर दागिन्याची रेघ ओढावयाची, आम्लाचा थेंब सोडावयाचा आणि रेघेचा रंग किती टिकतो तें पाहावयाचें. यांत डोळ्याचा सराव हेंच यंत्र. दुसरा मार्ग क्ष-किरणांच्या यंत्राचा. दागिना पेटींत ठेवला कीं क्षणभरांत सोनें, चांदी, तांबें यांचें प्रमाण पडद्यावर उमटतें. ओतकामाच्या प्रयोगशाळेंत धातूची चिप तपासणाऱ्या यंत्राचा हा चुलतभाऊच समजावा. परंतु हें यंत्र केवळ वरचा थर पाहतें. मुलामा दिलेला, डाक फार लावलेला किंवा आंत लाख भरलेला दागिना त्यास फसवूं शकतो. तिसरा मार्ग आटणीचा : दागिना वितळवून लगड करावयाची, तिचा कण अग्निपरीक्षेनें तपासावयाचा. हा मार्ग सर्वांत खरा, पण त्यानंतर परत फिरतां येत नाहीं. म्हणून आटणीस होकार देण्यापूर्वीं भाव, घट व रक्कम या तिन्ही गोष्टी कागदावर ठरलेल्या असाव्यात.

भारतीय मानक ब्यूरोनें सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची मुद्रा देण्यास २००० मध्यें आरंभ केला. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकाशिवाय दुकानदारास मुद्रांकित दागिना विकतां येत नाहीं. हा क्रमांक ब्यूरोच्या फोनवरील सेवेंत घालून पाहिल्यास दागिन्याची शुद्धता दिसते. मुद्रेवरील कसाहून सोनें हलकें निघाल्यास ग्राहकास फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमांत आहे. पण आपल्या घरांतील जुन्या दागिन्यांवर बहुधा कसलीच मुद्रा नसते. त्यामुळें ते विकतां येत नाहींत अशी अफवा मध्यंतरीं पसरली होती. ती खरी नव्हे. घरच्या माणसानें जुना दागिना विकावा व सराफानें तो घ्यावा यास मनाई नाहीं. इतकेंच नव्हे, तर ब्यूरोमान्य तपासणी केंद्रांत सामान्य मनुष्यास आपला दागिना तपासून घेतां येतो. २०२२ मध्यें जाहीर झालेला दर चार नगांपर्यंत दोनशें रुपये, पांच वा अधिक नगांस प्रत्येकीं पंचेचाळीस रुपये असा आहे. विकण्यापूर्वीं हे दोनशें रुपये खर्च करावेत असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. कारण कस काय आहे हें ज्यास अगोदर माहीत असतें त्याच्याशीं दुकानांतलें बोलणें निराळ्या सुरांत होतें.

तें कसें, हें उदाहरणानें सांगतों. समजा, पाटल्यांची जोडी चाळीस ग्रॅमांची आहे आणि केंद्राच्या तपासणींत तिचा कस शेंकडा ८८ निघाला. जुन्या घडणींत डाकामुळें असें होतें. भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठीं चोख सोनें दहा हजार रुपये ग्रॅम धरूं. पाटल्यांत चोख सोनें ३५.२ ग्रॅम, म्हणजे ३,५२,००० रुपयांचें. पहिला सराफ म्हणतो, "कस अठ्ठ्याऐंशीच धरीन, आणि रकमेंतून शेंकडा तीन कापीन." हातीं येतात ३,४१,४४० रुपये. दुसरा सराफ हंसतमुखानें म्हणतो, "तुमचें सोनें उत्तम आहे, मी पुरें बावीस कॅरट धरतों, फक्त वजनांत शेंकडा आठ घट." चाळीसांतून आठ टक्के गेले, उरले ३६.८ ग्रॅम, त्याचे ९१६ प्रमाणें चोख ३३.७ ग्रॅम झाले. हातीं येतात ३,३७,०८८ रुपये. सोन्याची स्तुति करणाऱ्यानें चार हजारांहून अधिक कमी दिले. कस, घट व भाव या तीन आंकड्यांपैकीं एकच ऐकून सौदा करणारा मनुष्य नेहमीं फसतो. तिन्ही घेऊन शेवटची रक्कम काढावी आणि तीच दुसऱ्या दुकानाच्या रकमेशीं ताडून पाहावी. सातवीच्या गणितापलीकडचें यांत कांहीं नाहीं. ज्या ग्रंथाच्या आधारावर आमच्यासारख्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांत खोट्या तराजूचा धिक्कार एकदां नव्हे, अनेकदां आला आहे. पण आजकाल तराजू खरा असतो आणि खोट गुणाकारांत असते.

जातां जातां एक ऐतिहासिक गोष्ट. १९६३ च्या सुवर्णनियंत्रण नियमांनीं नवे दागिने चौदा कॅरटांपर्यंतच घडविण्याचें बंधन घातलें होतें. तें पुढें सैल झालें, १९६८ मध्यें स्वतंत्र कायदा आला व तो १९९० मध्यें रद्द झाला. त्या नियमांच्या काळांत असंख्य सोनारांचा धंदा बसला. त्या वर्षांत लग्न झालेल्या आजीचा दागिना कसांत हलका निघाला, तर तिच्या सोनारास दोष देण्यापूर्वीं हें आठवावें. याउलट गिनी, म्हणजे इंग्रजी सुवर्णनाणें, घरांत असेल तर तिचें वजन ७.९९ ग्रॅम व कस बावीस कॅरट ठरलेला असतो. तेथें वादास जागा नाहीं.

आतां दुसरा मार्ग, दुकानांत विक्रीस ठेवण्याचा. याला इंग्रजींत निराळें नांव आहे व हल्लीं शहरांत तेंच ऐकूं येतें, पण आपल्या पेठांना ही रीत नवी नाहीं. पसंत पडल्यास पैसे, नाहीं तर माल परत, या बोलीवर दिलेल्या मालास जांगड म्हणतात, आणि मुंबईच्या हिऱ्यांच्या बाजारांत जांगडाच्या चिठ्ठीवर आजही मोठे व्यवहार चालतात. कोल्हापूरच्या मुलांस दुसरें उदाहरण गुळाच्या सौद्याचें. शेतकरी रवे आणून अडत्याकडे टाकतो. माल शेतकऱ्याचाच राहतो. अडत्या तो व्यापाऱ्यांपुढें मांडतो, बोली लावतो आणि आपली अडत घेतो. दागिना विक्रीस ठेवणें म्हणजे दागिन्याची अडत. फरक एवढाच कीं गुळाचा सौदा सकाळीं सुरू होऊन त्याच दिवशीं संपतो, दागिन्यास मात्र सहा महिने लागतील कीं दोन वर्षें, हें कोणी सांगूं शकत नाहीं.

या रीतीचा लाभ केव्हां? दागिना सोन्याहून अधिक कांहीं असेल तेव्हां. कोल्हापुरी साज घ्या. परंपरेनें त्यास एकवीस पानें सांगतात : दहा अवतारांचीं, आठ अष्टमंगळांचीं, माणिक व पाचूचीं दोन आणि मधलें डोरलें. पानें व मणी पोकळ, आंत लाख. मोडींत घातल्यावर लाख जळून जाते, तिचें वजन वजा होतें, आणि कारागिराच्या बोटांनीं उमटविलेला मासा व कांसव यांची किंमत शून्य होते. साज साज म्हणून घेणारी बाई भेटली तर तिला मात्र ही घडणच हवी असते.

पण येथेंही हिशेब करावाच लागतो. साजांतील सोनें शंभर रुपयांचें मानूं. नवा साज घेणारास सोन्याचे शंभर, घडणावळीचे वीस धरले तर १२०, आणि वर शेंकडा तीन कर, मिळून १२३ रुपये ६० पैसे पडतील. जुना साज, तोही अनोळखी माणसाच्या गळ्यांतला, कोणी फार तर ११० रुपयांस घेईल. दुकानदारानें शेंकडा दहा अडत घेतली तर अकरा गेले. आपल्या हातीं नव्याण्णव. मोडींत आजच्या आज सत्त्याण्णव मिळत होते. दोन रुपयांसाठीं वर्षभर वस्तु परक्याच्या तिजोरींत ठेवावयाची कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मधल्या काळांत सोन्याचा भाव चढेल किंवा उतरेल. त्याचा लाभ कोणाचा व तोटा कोणाचा, हेंही चिठ्ठीवर लिहिलेलें नसेल तर भांडणाचें बीज पेरलें गेलेंच.

कायद्याची बाजू याहून महत्त्वाची आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें, मालकाच्या संमतीनें माल ताब्यांत असलेल्या व्यापारी अडत्यानें तो नेहमींच्या व्यवहारांत प्रामाणिक गिऱ्हाइकास विकला, तर गिऱ्हाइकाची मालकी पक्की होते. म्हणजे दुकानदारानें ठरल्यापेक्षां कमी किंमतींत दागिना विकला किंवा पैसे बुडविले, तरी त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यांतून दागिना काढून घेण्याचा हक्क बहुधा उरत नाहीं. भांडण दुकानदाराशीं, तेंही पैशांचें. म्हणून चिठ्ठी हवी. तींत दागिन्याचें एकूण वजन, लाख व खडे वगळून वजन, खड्यांची संख्या, दोन्ही बाजूंचें छायाचित्र, किमान किंमत, अडत, मुदत, आणि चोरी वा आग झाल्यास विमा कोणाचा, इतक्या गोष्टी असाव्यात. आमच्याच घरची एक ठुशी परगांवच्या एका दुकानांत केवळ ओळखीवर ठेवली होती. आठ महिन्यांनीं ती न विकतां परत आली, फांसा तुटलेला, आणि कांट्यावर तीन गुंजा कमी. दुकानदार म्हणाला, "अशीच होती." आमच्यापाशीं वजनाचा कागद नव्हता, चूक आमचीच.

तिसरा मार्ग मुलांचा आवडता. फोनवरचा लिलाव.

दूरच्या गिऱ्हाइकांस यंत्राद्वारें बोली लावूं देणारी ईबे ही अमेरिकन पेढी १९९५ मध्यें निघाली. आपल्याकडे बाझी नांवाची तशीच पेढी २००० मध्यें सुरू झाली, ती २००४ मध्यें ईबेनें घेतली, आणि ईबेचें भारतांतील स्वतंत्र दुकान २०१८ मध्यें बंद झालें. मुलें आज ज्यास लिलाव म्हणतात त्यांपैकीं बऱ्याच जागा लिलावाच्या नसून नुसत्या जाहिरातीच्या आहेत : आपण चित्र व किंमत टाकावयाची, अनोळखी माणसानें फोन करावयाचा. खरे लिलाव चालविणाऱ्या पेढ्या निराळ्या. मुंबईची सॅफ्रनआर्ट किंवा अस्तगुरु यांसारख्या पेढ्या दागिन्यांचे लिलाव यंत्रावर करतात. पण त्या वस्तु निवडून घेतात, आणि चाळीस ग्रॅमांच्या साध्या पाटल्या त्यांच्या यादींत बसणाऱ्या नव्हेत.

लिलावाचें सामर्थ्य कशांत आहे तें नाशिकच्या हिऱ्यावरून कळतें. त्र्यंबकेश्वरचा हा हिरा पेशव्यांकडून १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेला. लंडनमध्यें १८३७ सालीं त्याचा लिलाव झाला. पुन्हां १९७० मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यास पांच लक्ष डॉलर आले. आज त्याचें वजन ४३.३८ कॅरट आहे. येथें कॅरट हें शुद्धतेचें नव्हे, वजनाचें माप. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पांचवा हिस्सा. म्हणजे हा सारा इतिहास जेमतेम पाऊण तोळ्यांत मावतो. याहून ताजें उदाहरण रघूजी भोसल्यांच्या तलवारीचें. २०२५ च्या एप्रिलांत ती लंडनच्या लिलावांत आली, महाराष्ट्र सरकारनें ती सुमारें सत्तेचाळीस लक्ष रुपयांस मिळविली, आणि ऑगस्टांत ती मुंबईस पोहोंचली. तिच्या पात्याच्या पाठीवरील सोनें वितळवून कितीसें निघालें असतें? किंमत त्या सोन्यानें लिहिलेल्या देवनागरी अक्षरांची होती. जगांत एकच असलेल्या वस्तूसाठीं दोन श्रीमंत गिऱ्हाइकें समोरासमोर आलीं कीं लिलाव आपलें काम करतो. पाटल्या जगांत एकच नसतात.

म्हणून पुन्हां शंभराचाच हिशेब मांडूं. पुष्कळ लिलावांत घेणारास बोलीच्या वर अधिभार द्यावा लागतो व देणाऱ्याकडून अडत कापली जाते. अधिभार शेंकडा वीस व अडत शेंकडा दहा धरा. मोडीचे सत्त्याण्णव आपल्या हातीं पडावयाचे तर बोली १०८ च्या आसपास गेली पाहिजे, आणि मग घेणारास सुमारें १२९ रुपये पडतील. नवाच दागिना १२३ रुपये ६० पैशांस मिळत असतांना जुन्यास १२९ कोण देईल? मुलानें फोनवर पाहिलेला मोठा आंकडा घेणारा देतो तो असतो; विकणाराच्या हातीं पडतो तो आंकडा फोन दाखवीत नाहीं.

बोली वाढविण्यासाठीं मित्राच्या नांवानें खोटी बोली लावावी, अशी युक्ति एका विद्यार्थ्यानें आम्हांस सुचविली. युक्ति जुनी आहे, आणि १९३० च्याच कायद्यांत तिचें उत्तर आहे : किंमत चढविण्यासाठीं विकणारानें खोटी बोली लावविली तर घेणारास तो सौदा रद्द करतां येतो. आपणांस कमी किंमतींत वस्तु जाऊं द्यावयाची नसेल तर राखीव किंमत उघडपणें ठेवण्याची मुभा त्याच कायद्यानें दिली आहे. शिवाय अठरा वर्षांखालील मुलास करारच करतां येत नाहीं. तेव्हां आईचा दागिना मुलानें आपल्या खात्यावरून विक्रीस लावणें हें मुळांतच बेकायदा आहे, लबाडी दूरच राहो. घरांत शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीनें मोलाची वस्तु निघाल्यास १९७२ चा पुरावस्तु कायदा लागू होतो व ती परदेशीं पाठवितां येत नाहीं, मग बोली डॉलरांत लागली तरी.

आणि फसवणूक. आमच्या एका सहकाऱ्यांनीं नथ विक्रीस लावली. अर्ध्या तासांत गिऱ्हाईक मिळालें, भाव न करतां राजी झालें, आणि पैसे पाठविण्यासाठीं एक चौकोनी ठिपक्यांचें चित्र पाठवून "हें स्कॅन करून पिन घाला" असें सांगूं लागलें. पिन घातली, आणि पैसे येण्याऐवजीं गेले. पालकांनीं हें एक वाक्य घरांत पाठ करून घ्यावें : पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. अशी चूक होतांच १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. दागिन्याचीं चित्रें घराच्या पत्त्यासह जाहिरातींत टाकणें म्हणजे चोरास आमंत्रण, हें वेगळें सांगावयास नको.

ज्यांस रक्कम थोड्या काळासाठींच हवी आहे त्यांनीं विकण्यापूर्वीं तारणाचा विचार करावा. पगार नियमित असेल व व्याज फेडतां येईल तर दागिना घरीं परत येतो. फेड थकली तर तारणाचाही लिलाव होतो. त्यांत कर्ज, व्याज व खर्च वजा जातां उरलेली रक्कम कर्जदाराची असते. ती मागून घ्यावी. संकोचानें पुष्कळ लोक पुन्हां त्या दारांत जात नाहींत.

विक्रीचे पैसे रोख घेण्याचा मोह असतो. दोन लक्ष वा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्यानें मनाई आहे. तेव्हां रक्कम खात्यावर घ्यावी व पावती जपून ठेवावी. नफ्यावरील कराचा प्रश्न उद्‌भवल्यास तीच पावती कामास येते.

शेवटचा मुद्दा आम्हीं त्या पालकांस सर्वांत आधीं सांगितला होता. माहेराहून वा सासरीं स्त्रीस मिळालेला दागिना हें तिचें स्त्रीधन आहे, त्यावर नवऱ्याचा ताबा नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ मध्यें पुन्हां स्पष्ट केलें आहे. अडचणींत नवऱ्यानें तें वापरलें तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची. म्हणून प्रश्न आम्हीं बाईंकडे वळविला. त्या तोंवर बोलल्या नव्हत्या. त्यांनीं साज उचलून रुमालांत बांधला आणि म्हणाल्या, "पाटल्या मोडू, सर. साज राहू दे."

पाटल्या प्रथम तपासणी केंद्रांत गेल्या, मग गुजरींतल्या तीन दुकानांत. तिन्ही दुकानांच्या रकमा मुलानें वहींत मांडल्या. सर्वांत मोठी व सर्वांत लहान यांत एका सत्राच्या पुस्तकांचा खर्च भागेल एवढें अंतर निघालें. पावती आईच्या नांवानें झाली, रक्कम तिच्या खात्यावर त्याच सायंकाळीं जमा झाली. मुलगा आतां दुसऱ्या सत्रांत आहे.